गादीशेजारचा माणूस

मराठीत सिंहासनाला गादी म्हणतात, आणि भुसार मालाच्या दुकानात गल्ल्यामागे अंथरलेल्या पांढऱ्या खोळीच्या बैठकीलाही गादीच म्हणतात. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, तशीच मार्केट यार्डातल्या शेठजींची गादी. दोन्हींना एकच शब्द लागला तो उगाच नव्हे. दोन्ही जागा जन्माने मिळतात. आणि दोन्ही गाद्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, त्या घरात न जन्मलेला एक माणूस बसलेला असतो. दरबारात तो फडणीस किंवा कारभारी असतो, पेढीवर दिवाणजी किंवा मुनीम, आजच्या कंपनीत जनरल मॅनेजर किंवा प्लांट हेड. हे प्रकरण त्याचं आहे.

ते हातभर अंतर कायद्यानेही आखून दिलेलं आहे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित धंद्यात मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही मिळतो. दिवाणजीने तीस वर्षं कीर्द-खतावणी सांभाळली, दुष्काळात उधारी वसूल करून पेढी तगवली, तरी त्याच्या नावावर एक आणा चढत नाही. धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली तरी शेअर बहुधा घरातच राहतात. म्हणून घराबाहेरून आलेल्या माणसाच्या मनात पहिल्या पगारापासून एक प्रश्न असतो: मी इथे कोण? मोठ्या सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे सगळेच नेमलेले असतात. इथे काही जण नेमलेले असतात आणि काही जण जन्मलेले.

१९७८ मध्ये हार्वर्डमध्ये रेनातो ताग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी हा पेच एका साध्या आकृतीत पकडला. कुटुंब, मालकी आणि धंदा अशी तीन वर्तुळं त्यांनी एकमेकांत अडकवून काढली. त्यातून सात कप्पे तयार होतात. शेअर असलेला आणि कारखानाही चालवणारा मुलगा अगदी मधल्या कप्प्यात, तिन्ही वर्तुळांत एकदम उभा असतो. पगारी माणूस धंद्याच्या एकाच वर्तुळात, एका कडेला असतो. आकृती बघताना नजर मधल्या कप्प्याकडे जाते, पण मला कडेच्या कप्प्यातून दिसणारं दृश्य जास्त महत्त्वाचं वाटतं. मधला माणूस बोलतो तेव्हा तो कोणत्या वर्तुळातून बोलतोय हे त्याला स्वतःला ठाऊक असेलच असं नाही. कडेच्या माणसाला मात्र ते ओळखावंच लागतं, कारण त्याला त्या बोलण्यावर काम करायचं असतं.

मराठी घरांच्या धंद्यात ते ओळखायची सोय भाषेतच आहे. धाकटे बंधू "साहेबांची सही घेऊन या" म्हणाले तर ते धंद्याचं वाक्य आहे. तेच "अण्णांच्या कानावर घालून ठेवा" म्हणाले की बोलणं घराच्या उंबऱ्यात आलं. साहेब आणि अण्णा एकच गृहस्थ आहेत, पण पहिल्या वाक्याला कागद लागतो आणि दुसऱ्याला वेळ साधावी लागते. दुसऱ्या वाक्याचा कागद करून पाठवणारा हुशार तरुण व्यवस्थापक महिनाभरात तोंडघशी पडतो आणि आपलं काय चुकलं ते त्याला कळतही नाही. त्याच्या आकड्यांत चूक नसते. अण्णांना जे कानात ऐकायचं होतं ते त्यांनी सगळ्यांदेखत ईमेलवर वाचलेलं असतं, इतकंच.

मालकाचा नकार समजून घेणं ही पुढची पायरी. बाहेरच्या माणसाला वाटतं की नफा दाखवला की मालक होकार देईल. दक्षिण स्पेनमध्ये ऑलिव्ह तेलाचे कुटुंबांच्या मालकीचे घाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. लुईस गोमेझ-मेहिया आणि सहकाऱ्यांनी अशा १,२३७ घाण्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सहकारी संस्थेत सामील झालं तर पैशाची शाश्वती वाढत होती, पण घाण्यावरचा घराचा ताबा जात होता. बुडण्याची शक्यता वाढली तरी चालेल, पण ताबा सोडायचा नाही, असा कौल या कुटुंबांनी मोठ्या प्रमाणावर दिला. हे वाचल्यावर मला आपल्याकडचे कितीतरी नकार उलगडले. तोट्यातली जुनी पेठेतली शाखा बंद करायची नसते, कारण आजोबांनी पहिलं दुकान तिथे थाटलेलं असतं. वडिलांच्या काळचा पुरवठादार महाग असला तरी तुटत नाही, कारण त्याने अडचणीच्या वर्षी उधार माल दिलेला असतो. या गोष्टी ताळेबंदात दिसत नाहीत, तरी मालकाच्या लेखी ती मालमत्ताच असते. कामाचा माणूस तिची टवाळी करत नाही. ती शाखा ठेवून तोटा कसा कमी करता येईल, याचा हिशेब तो मांडतो.

पण यातून असा अर्थ काढू नये की बाहेरच्या माणसाने फक्त मनं राखत बसावं. महाराष्ट्रातले मोठे उद्योग ज्यांनी उभे केले त्यांत घराबाहेरच्या माणसांचा वाटा फार मोठा आहे आणि ती माणसं हो ला हो करणारी नव्हती. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली, ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणलं. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडाचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज जाणकार होता. माल कुठून येतो, कुठे अडतो, माणसं वेळेवर कशी येतील हे पाहणं बेझनजींचं काम. मालक बहुतेक मुंबईत, गिरणी नागपुरात. मला वाटतं, ते अंतर त्यांना वरदान ठरलं. रोज संध्याकाळी मालकाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, म्हणून निर्णय घ्यायची सवय लागली आणि निर्णयाचं ओझं उचलायचीही. याच गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई.

सुमंत मूळगावकरांची गोष्टही याच घराण्याची. ते सिमेंटच्या धंद्यातून आले आणि १९४९ मध्ये टेल्कोत दाखल झाले. रेल्वेची इंजिनं बांधणाऱ्या त्या कंपनीने १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनवायला घेतल्या आणि पुढे पुण्याचा कारखाना उभा केला. सुरुवातीला जे. आर. डी. टाटा अध्यक्ष होते, पण टेल्को म्हटलं की लोकांच्या तोंडी मूळगावकरांचं नाव यायचं. ते गेल्यानंतर १९९४ मध्ये आलेल्या गाडीचं नाव त्यांच्या नावातली दोन अक्षरं जोडून ठेवलं गेलं: सुमो. दुसऱ्याच्या आडनावाच्या कारखान्यात इतकं रुजायला माणसाला काय लागतं?

याचं उत्तर शोधायला मी नेहमी किर्लोस्करवाडीकडे वळतो. बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप यांशिवाय तिथे काही नव्हतं. पंचवीसेक कामगार बायकामुलांसह त्या माळावर राहायला गेले. लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत. ते घरचेच. पण शंभूराव जांभेकर अभियंता, व्यवस्थापक आणि फोरमन तिन्ही होते. मंगेशराव रेगे कारकून, चिटणीस आणि हिशेबनीस होते. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्याला ठेवलं आणि ती माणसं विश्वासाला उतरली.

जॉन पिअर्स, तात्याना कोस्तोवा आणि कर्ट डर्क्स या संशोधकांनी २००१ मध्ये एक मांडणी केली. कागदावर मालकी नसतानाही माणसाला एखादी गोष्ट आपली वाटू लागते, ती तीन वाटांनी: तिच्यावर त्याचा काही अंमल चालतो, ती त्याला आतून-बाहेरून ठाऊक असते, आणि त्याने स्वतःला तिच्यात ओतलेलं असतं. किर्लोस्करवाडीच्या त्या मंडळींना या तिन्ही वाटा एकाच वेळी खुल्या होत्या. फळणीकरांसारख्या माणसाला 'आपलं' करायला शेअरच द्यावा लागतो असं नाही. काम हाती द्यावं, चुकू द्यावं, पुन्हा करू द्यावं. आजही जे मालक "आमची माणसं जीव लावून काम करत नाहीत" म्हणून कुरकुरतात, त्यांनी यातली कोणती वाट आपण स्वतःच बंद केली आहे ते बघावं. बहुतेक वेळा पहिली बंद असते. पाच हजारांच्या खरेदीलाही थोरल्यांची सही लागते आणि मग जीव लावण्याची अपेक्षा केली जाते.

आता थोडं माझ्या अनुभवातलं. उमेदवारीची काही वर्षं मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत हिशेब खात्यात काढली. धंदा दोन भावांचा. कोळशावरची जुनी क्युपोला भट्टी ठेवायची की विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी घ्यायची, यावरून दोघांचं बिनसलं होतं. थोरले म्हणत कोटेशन परत पाठवा, धाकटे म्हणत आगाऊ रक्कम भरा. दोघांचे निरोप आमच्याच टेबलावर. आमचे दिवाणजी साठीकडे झुकलेले, कपाळाला गंध, खिशात दोन पेनं. त्यांनी एका कागदावर दोन रकाने केले. कोळशाचा टनामागे खर्च, विजेचं बिल, कर्जाचा हप्ता, नाकारून परत येणारं कास्टिंग, सगळं दोन्हींत. वर फक्त 'पर्याय एक' आणि 'पर्याय दोन'. कोणाचं म्हणणं कोणतं, याचा उल्लेख कुठेच नाही. त्याच कागदाच्या दोन प्रती त्यांनी एकाच दिवशी, दहा मिनिटांच्या अंतराने दोन केबिनमध्ये ठेवल्या. बाहेर येऊन मला म्हणाले, "एका केबिनमधून दुसरीत न्यायचं तर कागद न्यावा बाळ, वाक्य नेऊ नये."

हे मी पुढे अनेक ठिकाणी ताडून पाहिलं. कुटुंबाच्या धंद्यात बाहेरचा माणूस बुडतो तो बहुधा कामात कमी पडल्यामुळे नाही, वाक्यं वाहून नेल्यामुळे. भावांना, बाप-लेकांना एकमेकांशी बोलणं जड जातं तेव्हा ते मधल्या माणसाच्या तोंडून बोलायला लागतात. सुरुवातीला त्यात मान वाटतो. दोघेही आपल्याला विश्वासात घेतात असं वाटतं. पुढे कधीतरी दोघांचं जुळतं, कारण शेवटी ते घर आहे, आणि मग दोघांनाही आठवतं की ते कडू वाक्य आपल्यापर्यंत कोणी आणलं होतं. दिवाणजींना दोन्ही घरांतून जेवायला बोलावणं असे. ते जात, वहिनींच्या हातच्या पुरणपोळीचं मनापासून कौतुक करत. पण ताटावर धंद्याचं बोलणं निघालं की हात धुवायला उठत. तेव्हा मला ते तुटक वाटलं होतं.

पगाराचं बोलणंही असंच अवघड असतं. या धंद्यांत दोन हिशेब चालतात. एक पगारपत्रकाचा, दुसरा उचलीचा. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, घराची गळकी कौलं, मालक खिशातून काढून देतो, कधी परतही मागत नाही. मोठ्या कंपनीत हे कोणी करत नाही आणि या मायेला मी कमी लेखत नाही. मात्र तिच्या ओझ्याखाली माणूस वाढ मागायला कचरतो, आणि "तू घरचाच आहेस" हे वाक्य कधी कधी नेमणूकपत्राची जागा घेतं. घरच्याला नेमणूकपत्र लागत नाही, पण त्याला हिस्सा असतो. बाहेरच्याला हिस्सा नाही आणि पत्रही नाही, ही स्थिती कोणीही पत्करू नये. वीस माणसांच्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. दहा माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या शेवटच्या पगाराइतका, मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरून. हे मागणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. ज्या घरांत हे कागद चोख असतात तिथली माया मी जास्त टिकलेली पाहिली आहे, कारण तिथे उचल ही खरोखरच मदत असते, थकलेल्या हक्काची भरपाई नसते.

टिम बार्नेट आणि फ्रँझ केलरमन्स यांनी २००६ मध्ये या नोकरदारांच्या न्यायभावनेवर एक लेख लिहिला. आम्ही कुटुंब आहोत का आणि आम्हाला तसं वागवलं जातं का, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. माझं निरीक्षण असं की मालकाचा मुलगा एक दिवस संचालक होणार हे बाहेरची माणसं मनोमन स्वीकारून आलेली असतात. त्याबद्दल फारसा सल नसतो. सल असतो तो हजेरीच्या यंत्राचा. सगळ्यांनी साडेआठला अंगठा लावायचा आणि भाचेसाहेबांनी अकराला यायचं, चुकीच्या मालाबद्दल फोरमनचा बोनस कापायचा आणि पुतण्याची चूक 'शिकतोय अजून' म्हणून सोडायची. वाटा वेगळा असला तरी चालतो, नियम वेगळा असला की काम करणाऱ्याचं मन उठतं.

पुढची पिढी येते तेव्हा हातभर अंतर नव्याने मोजावं लागतं. ज्या फोरमनकाकांच्या सायकलवर पुढे बसून पोरगा कारखाना हिंडला, तोच शिकून येतो आणि केबिनमध्ये बसतो. काकांनी त्याला 'अरे' म्हणायचं की 'अहो'? बाहेरून क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न आतल्या माणसाची झोप उडवतो. मी पाहिलेल्यांत ज्यांनी हे नीट पेललं त्यांनी पहिल्याच दिवशी, इतर कामगारांसमोर, स्वतःहून 'अहो' सुरू केलं. तरुण मालक ओशाळला, पण त्या एका शब्दाने त्याला खुर्ची मिळाली, आणि बंद दाराआड "हे चुकतंय तुमचं" म्हणायचा अधिकार काकांना मिळाला. 'अरे' धरून बसलेल्यांचा सल्ला पुढे म्हाताऱ्याची कुरकुर ठरला. बाहेरच्या माणसाला घरात किती घ्यायचं हा पेच जपानमध्ये काही घराणी वेगळ्या रीतीने सोडवतात. कर्तबगार माणसाला जावई करून घेतात आणि आडनावही देतात. आपल्याकडे मारुतीमुळे परिचित झालेले ओसामू सुझुकी जन्माने मात्सुदा होते. सुझुकींच्या घरात लग्न होऊन ते १९५८ मध्ये कंपनीत आले आणि १९७८ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे घरजावयाला तो मान नाही. टाटा समूहाने २०१७ मध्ये टीसीएसमध्ये तीस वर्षं काढलेल्या एन. चंद्रशेखरन यांना टाटा सन्सचं अध्यक्षपद दिलं, त्यासाठी त्यांना आडनाव बदलावं लागलं नाही.

सगळ्यात कठीण प्रसंग भाऊबंदकीचा. घर फुटतं तेव्हा बाहेरच्या माणसाला विचारतात: तू कोणाचा? याचं उत्तर द्यायची पाळी पुण्यात एकदा फार भयंकर रीतीने आली होती. पेशवे मुळात छत्रपतींनी नेमलेले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना मिळालेलं पद त्यांच्या घरात वंशपरंपरा झालं, म्हणजे नेमलेल्यांचेच पुढे जन्मलेले झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांच्या पदरी घातला आणि पुणे सोडलं. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी दुसरा मार्ग घेतला. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. बारभाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारभाऱ्यांचे स्वार्थ नव्हते असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं आणि रामशास्त्र्यांचं उत्तर एका बाबतीत सारखं होतं: आम्ही गादीचे, तिच्यावर आत्ता बसलेल्या माणसाचे नव्हे.

या उत्तराची दुसरी बाजूही तिथेच दिसली. नानांनी त्या मुलाच्या, म्हणजे सवाई माधवरावांच्या नावाने वीस वर्षं राज्य सांभाळलं, पण त्या मुलाला कारभार हाती घेऊ दिला नाही. १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वाड्याच्या सज्ज्यावरून पडून वारला. गादी राखणाऱ्यालाच कधी गादी आपली वाटू लागते, आणि तो खऱ्या वारसाला वाढू देत नाही. आजच्या कंपन्यांतही वारसाला 'अजून लहान आहेत' म्हणत त्याच्यापर्यंत आकडे पोचू न देणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, आणि ती माणसं वाईट नव्हती.

त्या कोल्हापूरच्या फाउंड्रीचीही पुढे वाटणी झाली. इंडक्शन भट्टी आली होती, चांगली चालली होती, भाऊ वेगळ्याच कारणाने वेगळे झाले. दोघांनीही दिवाणजींना आपल्याकडे यायला सांगितलं, धाकट्यांनी पगार दीडपट देऊ केला. दिवाणजींनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं की मोजदाद पुरी होईपर्यंत मी कोणाच्याच कामावर नाही. आम्ही नऊ दिवस मोजत होतो. साचे, पेट्या, कच्चं लोखंड, वाळू, टेबलं, पंखे, शेवटी चहाची भांडीसुद्धा. यादी एकशे चौदा पानांची झाली. प्रत्येक पानाखाली डावीकडे थोरल्यांची सही, उजवीकडे धाकट्यांची. आपापले वकील घेऊन आलेल्या त्या दोघांनी एकही वस्तू पुन्हा मोजायला सांगितली नाही. दहाव्या दिवशी दिवाणजींनी आपल्या ग्रॅच्युइटीचा अर्ज टाइप करून माझ्या हातात दिला आणि आकडा तपासून बघ म्हणाले.